‘उग्र वास’ ते टर्पीन प्रोफाइल

हैदराबाद रस्त्यावर गांजाची गाडी पकडली की पंचनाम्यात एक शब्दप्रयोग हमखास येतो: ‘उग्र वासाचा, हिरवट रंगाचा पाला’. गांजाच्या वासाची सोलापुरात एवढीच अधिकृत नोंद होते. कॅनडात किंवा कॅलिफोर्नियात मात्र हाच वास लेबलावर टक्क्यांत छापतात, मिरसीन इतके, लिमोनीन इतके, आणि गिऱ्हाईक त्यावरून माल निवडते. वनस्पतींना वास देणाऱ्या या रेणूंना टर्पीन म्हणतात, आणि लेबलावरच्या यादीला टर्पीन प्रोफाइल. विजया (आयुर्वेदातले भांगेचे नाव) तेल आणि हेम्पच्या (गांजाच्याच झाडाच्या, नशा जवळजवळ नसलेल्या जातीच्या) बाटल्यांबरोबर ही भाषा ऑनलाइन खरेदीतून आपल्याकडेही आली आहे.

टर्पीन हा शब्द टर्पेंटाइनवरून पडला, 1860 च्या दशकात. रंगाऱ्याच्या डब्यातला तो वास मुख्यतः पायनीनचा. धण्यात लिनलूल असते, मिरी-लवंगेत कॅरिओफिलीन, संत्र्याच्या सालीत लिमोनीन. काळ्या मसाल्याची तयारी सुरू झाली की शेजाऱ्यांना जे कळते, ते बरेचसे टर्पिनांमुळेच. नशा आणणाऱ्या टीएचसीला स्वतःचा असा वास नसतो.

जुना इतिहास थोडक्यात. 1893-94 मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाने हिंदुस्थानभर गांजा-भांगेची चौकशी केली आणि सरसकट बंदी नको, असे सांगितले. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड मुख्यतः नगर जिल्ह्यात होती. बंगालच्या मालाचे चपटा, गोल आणि चूर असे प्रकार होते. म्हणजे वर्गवारी आकारावरून. त्याआधी, 1785 मध्ये, एका फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या झाडाला ‘इंडिका’ हे वेगळे नाव दिले होते. ‘सटायव्हा’ हे नाव 1753 पासूनचे. अमेरिकी बाजाराने पुढे या दोन नावांचा सोपा पाढा केला: इंडिका म्हणजे झोप, सटायव्हा म्हणजे तरतरी. 2021 च्या एका जनुकीय अभ्यासात ही लेबले झाडांच्या वंशाशी जुळत नाहीत, असे दिसले. जुळली ती मोजक्या टर्पिनांशी. म्हणजे विक्रेते इतकी वर्षे वास घेऊनच नाव देत होते म्हणायचे.

कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये औषधी वापराला, कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी 2012 मध्ये मौजेच्या वापराला मतदानाने परवानगी दिली. कॅनडा 2018 मध्ये आला. माल प्रयोगशाळेत तपासला जाऊ लागला, तसा टीएचसीचा आकडा हाच भाव ठरला. सगळ्यांचेच आकडे वाढल्यावर वेगळेपण दाखवायला दुसरे काहीतरी हवे होते. ते टर्पिनांनी पुरवले.

या सगळ्याला शास्त्राचा टिळा लावला तो ‘आंतूराज इफेक्ट’ या शब्दाने. त्याचा सरळ मराठी अर्थ लवाजमा. सोलापूरच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांपुढे-मागे जो चालतो तो. 1998 मध्ये हा शब्द आला तेव्हा त्यात गांजाचे फूल नव्हतेच. आपल्या शरीरात तयार होणाऱ्या एका गांजासदृश रेणूचा तो अभ्यास होता. त्याच्यासोबत आढळणारे दोन स्निग्ध रेणू एकटे काहीच करत नव्हते, पण बरोबर असले की मुख्य रेणूचा परिणाम वाढवत होते. एवढ्यापुरताच तो लवाजमा. 2011 मध्ये एका अमेरिकी मेंदुविकारतज्ज्ञाच्या लेखाने तो शब्द टर्पिनांपर्यंत ताणून नेला: टर्पिनेही टीएचसीचा परिणाम बदलत असावीत, असा. तो लेख म्हणजे उपलब्ध माहितीवरून बांधलेला तर्क होता, आणि तसाच वाचायला हवा होता. दुकानांनी तो निकाल म्हणून वाचला. मिरसीन अर्ध्या टक्क्याच्या वर गेले की माणूस आडवा होतो, हा नियमही याच वातावरणात पसरला. त्यामागे माणसांवर केलेला प्रयोग नाही.

प्रयोग झाले त्यांनी काय दाखवले? कॅरिओफिलीन सीबी-टू या ग्राहीला (पेशीवरची, गांजाचे रेणू जिथे चिकटतात ती जागा) खरोखर चिकटते, हे 2008 मध्ये सिद्ध झाले. पण नशेचा संबंध सीबी-वनशी आहे, टूशी नाही. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पेशींवरच्या प्रयोगात नेहमीच्या टर्पिनांनी या दोन्ही ग्राहींवर टीएचसीचे काम जराही बदलले नाही. 2021 मध्ये अमेरिकेत उंदरांवर मात्र टर्पिनांनी गांजासदृश परिणाम वाढवलेला दिसला. 2024 मध्ये 20 माणसांवर प्रयोग झाला: टीएचसीमुळे येणारी धास्ती लिमोनीनने कमी केली, पण परिणाम ठळक झाला तो 30 मिलिग्रॅम टीएचसीला 15 मिलिग्रॅम लिमोनीन दिल्यावर. निम्म्यास निम्मे! फुलात 20 टक्के टीएचसी असेल तर लिमोनीन 1 टक्का असले तरी पुष्कळ. मला यातला एवढाच प्रयोग ग्राहकाच्या कामाचा वाटतो, आणि तोही लेबलाच्या बाजूने फारसा बोलत नाही.

आपल्याकडचा पेच वेगळाच आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्याने गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, असे ठरवले. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया त्यातून वगळल्या. टर्पिने ज्या राळेच्या सूक्ष्म ग्रंथींत तयार होतात, त्या फुलोऱ्यावरच दाट असतात. म्हणजे कायद्याने जो भाग मोकळा सोडला त्यात टर्पिने सर्वांत कमी. त्यात महाराष्ट्राचा 1949 चा दारूबंदी कायदा भांगेलाही परवान्याशिवाय सोडत नाही, म्हणून महाशिवरात्रीला बनारसमध्ये सरकारमान्य दुकानात जे मिळते ते इथे मिळत नाही. विजयेची औषधे पानांच्या अर्काची, आयुर्वेदाच्या परवान्यावर आणि वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची. हेम्पचे बी आणि बियांचे तेल 2021 मध्ये अन्न म्हणून मान्य झाले, पण बियांवर या ग्रंथी नसतात. बियांच्या तेलाच्या बाटलीवर टर्पिनांची यादी दिसली तर ती बाहेरून घातलेली आहेत का, हे आधी विचारावे. त्यातली हलकी टर्पिने उडून जाणारी असतात, आणि सोलापुरात मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो. कुरिअरच्या गाडीत बाटली किती तापते, हे लेबलावर छापलेले नसते.

पंचनाम्यातल्या ‘उग्र’ शब्दाचा उलगडाही अलीकडेच झाला. 2021 मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले, की गांजाच्या फुलाची ती झोंबणारी घाण टर्पिनांची नसून अत्यल्प प्रमाणातल्या गंधकयुक्त संयुगांची असते. टर्पीन प्रोफाइलच्या यादीत ती सहसा नसतात.