रॉक संगीतास ख्रिस्ती मूलतत्त्ववाद्यांचा विरोध

रॉक संगीत श्रोत्याला, विशेषतः कोवळ्या वयातील श्रोत्याला, स्वैराचाराकडे, व्यसनांकडे आणि अखेर सैतानाच्या उपासनेकडे नेते, अशी धारणा अमेरिकेतील ख्रिस्ती मूलतत्त्ववाद्यांत १९५० च्या दशकाच्या मध्यापासून रुजली आणि १९८० च्या दशकात तिने सर्वांत उग्र रूप धारण केले. बायबलमधील शब्द न् शब्द खरा मानणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या, मुख्यतः दक्षिणेकडील बॅप्टिस्ट व पेंटेकोस्टल, या विरोधात आघाडीवर होत्या. मात्र हा रोष कोठून तरी परक्या मुलुखातून आलेल्या कलेवर नव्हता. ज्या चर्चमधून या संगीतावर आग पाखडली गेली, तशाच चर्चमध्ये त्याचे पहिले गायक लहानाचे मोठे झाले होते.

एल्व्हिस प्रेस्ली हे असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकोस्टल पंथात वाढले. या उपासनेत टाळ्यांचा गजर, अंगात वारे शिरल्यासारखे डोलणे आणि भान हरपून गाणे हे पवित्र आत्म्याच्या संचाराचे लक्षण मानले जाते. तेच डोलणे नाचाच्या सभागृहात दिसू लागताच पाप ठरले. लुइझियानातील फेरिडे गावचे रॉक गायक जेरी ली लुइस आणि पुढे दूरचित्रवाणीवरून रॉकचा कडाडून धिक्कार करणारे धर्मोपदेशक जिमी स्वॅगर्ट हे नात्याने भाऊ होते. १९५७ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना लुइस आणि निर्माते सॅम फिलिप्स यांच्यात जुंपलेला वाद ध्वनिफितीवर टिकून आहे. या संगीतानेही माणसाचा उद्धार होऊ शकतो, असे फिलिप्स समजावतात. त्यावर लुइस उसळून विचारतात, सैतान कोणाचा उद्धार कसा करील? या भयाची खोली समजून घ्यायची, तर कोणत्याही प्रवचनापेक्षा ही फीत अधिक बोलकी आहे. कारण येथे भ्यालेला माणूस व्यासपीठावरचा उपदेशक नसून स्वतः गायक आहे. त्याच वर्षी रॉक गायक लिटल रिचर्ड यांनी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात रॉक सोडत असल्याचे जाहीर केले आणि ते अलाबामातील ॲडव्हेंटिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या एका महाविद्यालयात धर्मशिक्षणासाठी दाखल झाले.

विरोधाचा शास्त्राधार बायबलमधील काही मोजक्या उताऱ्यांवर उभा आहे. यहेज्केलच्या २८ व्या अध्यायात सोरच्या राजाला उद्देशून डफ व बासऱ्या यांचा जो उल्लेख जुन्या इंग्रजी भाषांतरात येतो, त्यावरून लूसिफर, म्हणजे पतनापूर्वीचा सैतान, हा स्वर्गातील संगीताचा अधिपती होता, असा अर्थ काढला जातो. निर्गमच्या ३२ व्या अध्यायात सोन्याच्या वासरापुढे चाललेला नाचगाण्याचा गोंगाट यहोशवाला लढाईचा कल्लोळ वाटतो, तोही दाखला दिला जातो. दाविदाच्या वीणावादनाने शौल राजाचा दुरात्मा दूर होत असे, ही शमुवेलातील कथा तर नेहमीची. सुरांनी दुरात्मा पळतो, तर सुरांनीच तो येऊही शकतो, हा त्यामागील तर्क. बॉब जोन्स या मूलतत्त्ववादी विद्यापीठाशी संबंधित फ्रँक गारलॉक यांच्यासारख्या वक्त्यांनी १९७० च्या सुमारास ठामपणे मांडले की दोष शब्दांत नाही, ठेक्यातच आहे. त्यामुळे येशूचे नाव घेतल्याने ते गाणे शुद्ध होत नाही.

ठेक्याच्या या भीतीत वर्णद्वेष पुरेपूर मिसळलेला होता, आणि त्याला किरकोळ बाब मानून पुढे जाणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे होईल. रॉकच्या तालाला 'जंगली' म्हणणे, त्याचे मूळ आफ्रिकेतील भूतपूजेत शोधणे हे प्रवचनांतून सर्रास चाले. अलाबामात १९५६ मध्ये गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुरस्कर्ता एसा कार्टर याने रॉकविरोधी मोहीम उघडली. त्याच वर्षी १० एप्रिलला त्याच्या संघटनेतील लोकांनी बर्मिंगहॅमच्या रंगमंचावर चढून नॅट किंग कोल यांच्यावर हल्ला केला. कोल हे हळुवार प्रेमगीते गाणारे कलावंत. रॉकशी त्यांचा संबंध नव्हता, त्यांचा वर्ण तेवढा कृष्ण होता. पुढे शीतयुद्धाच्या वातावरणात यात साम्यवादाची भर पडली. १९६५ मध्ये डेव्हिड नोबेल या धर्मोपदेशकाने एका पुस्तिकेत असा आरोप केला की बीटल्स या ब्रिटिश वाद्यवृंदाचे संगीत हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांच्या प्राण्यांना सवयी लावण्याच्या प्रयोगांच्या आधारे अमेरिकी तरुणांना संमोहित करण्याचे साम्यवादी साधन आहे.

१९६६ मध्ये, आम्ही येशूपेक्षाही अधिक लोकप्रिय आहोत, हे बीटल्सचे गायक जॉन लेनन यांचे ब्रिटनमध्ये कोणाच्या खिजगणतीतही नसलेले विधान अमेरिकेतील एका नियतकालिकाने पुन्हा छापले. बर्मिंगहॅममधील एका रेडिओ केंद्राने बहिष्काराची हाक दिली आणि दक्षिणेत ठिकठिकाणी बीटल्सच्या तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. ११ ऑगस्टला शिकागोत लेनन यांना खुलासा करावा लागला. तबकड्या जाळण्याची प्रथा तेथेच थांबली नाही. १९७९ पासून मिनेसोटातील पीटर्स बंधू मुलांना आपापले संग्रह चर्चमध्ये आणून जाळायला प्रवृत्त करीत होते.

१९८० च्या दशकारंभी भीतीचे केंद्र ठेक्यावरून अदृश्य संदेशाकडे सरकले. तबकडी उलटी फिरवल्यास सैतानाची स्तुती ऐकू येते आणि सरळ ऐकतानाही ती नकळत मनात उतरते, असा दावा होऊ लागला. लेड झेपेलिन या वाद्यवृंदाचे 'स्टेअरवे टू हेवन' हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण होय. सभांतील पद्धत ठरलेली असे. वक्ता आधी ते कथित दडलेले वाक्य श्रोत्यांना सांगे किंवा पडद्यावर दाखवी, मग उलटा तुकडा वाजवी, आणि सभागृह शहारून जाई. कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठाचे व्होकी व रीड यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून या परिणामाचे कारण उघड झाले. त्यांनी चक्क २३ वे स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', उलटे वाजवून पाहिले. उलट्या वाक्यांचा अर्थ श्रोत्यांना लागत नव्हता, त्यांच्या वागण्यावर त्याचा परिणामही दिसला नाही. मात्र काय ऐकायचे हे आधी सांगितले की तेच त्यांना ऐकू येई. दरम्यान १९८३ मध्ये आर्कान्सॉच्या विधिमंडळाने अशा तबकड्यांवर इशारा छापण्याचे विधेयक संमतही केले होते. गव्हर्नर बिल क्लिंटन यांनी ते परत पाठवल्यावर ते बारगळले.

प्रकरण न्यायालयातही गेले. नेव्हाडातील दोन तरुणांनी १९८५ मध्ये स्वतःवर गोळ्या झाडल्या, त्यात एकाचा मृत्यू झाला; ब्रिटिश वाद्यवृंद जुडास प्रीस्टच्या एका गाण्यात दडवलेला आदेश त्यास कारण ठरला, असा कुटुंबीयांचा दावा होता. रीनो येथे १९९० मध्ये झालेल्या सुनावणीत गायक रॉब हाल्फर्ड यांनी न्यायाधीशांसमोर गाऊन दाखवले. तो कथित आदेश म्हणजे उच्छ्वास आणि गिटारचा सूर यांचा योगायोगाने झालेला मिलाफ आहे, असा निर्णय देऊन न्यायालयाने दावा फेटाळला. शोकात बुडालेल्या आईवडिलांना उत्तर हवे असणे समजण्यासारखे आहे. परंतु सैतानाच्या या शोधाने निरपराधांचेही आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकत होते. आर्कान्सॉतील वेस्ट मेम्फिस येथे तीन बालकांच्या हत्येबद्दल १९९४ मध्ये तीन किशोरवयीन मुलांना दोषी ठरवण्यात आले. त्यांच्यातील एकाचे काळे कपडे, हेवी मेटल या रॉकच्या कर्कश प्रकाराची आवड आणि गूढविद्येचे वाचन हेही त्या खटल्यात पुराव्यादाखल पुढे आणले गेले. त्याला मृत्युदंड झाला होता. आपण निर्दोष असल्याचे म्हणतच, फिर्यादी पक्षाशी झालेल्या तडजोडीनुसार, तिघेही २०११ मध्ये बाहेर आले.

याच काळात ख्रिस्ती रॉकही वाढत होते. लॅरी नॉर्मन यांनी १९६९ मध्ये त्याचा पाया घातला, आणि १९७२ मध्ये डॅलसमधील मेळाव्यात बिली ग्रॅहम यांच्यासारख्या उपदेशकाच्या उपस्थितीत हजारो तरुणांनी ते ऐकले. स्वॅगर्ट यांना मात्र हा मेंढराच्या कातड्यातील लांडगाच वाटला. भारतात या वादाचे पडसाद क्वचितच उमटले. २००६ मध्ये स्लेयर या वाद्यवृंदाच्या एका संग्रहाच्या मुखपृष्ठावरील ख्रिस्ताच्या चित्रावर मुंबईतील एका कॅथलिक संघटनेने आक्षेप घेतल्यावर ईएमआय इंडियाने तो बाजारातून परत घेतला, पण तेथे हरकत अवमानाची होती, ठेक्याची नव्हती. आज बहुतेक पेंटेकोस्टल चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला ड्रम आणि विद्युत गिटार असतात. अनेक स्वतंत्र मूलतत्त्ववादी बॅप्टिस्ट मंडळ्या मात्र पियानो आणि जुन्या स्तोत्रसंग्रहावरच थांबल्या आहेत, आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आघात देणारा रॉकचा ताल चर्चमध्ये वाजू देत नाहीत.