हाफ-लाइफची पार्श्वभूमी : आधी जागा, मग शत्रू

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला ‘हाफ-लाइफ’ हा जुना कॉम्प्युटर गेम लावून दिला. तो जुळे सोलापुरात राहतो, रोज मोबाइलवर शूटिंगचे गेम खेळतो, नेम पक्का आहे. गेमच्या सुरुवातीला पाच मिनिटं नुसतं ट्रॉलीत उभं राहिल्यावर त्याने विचारलं, “मामा, ह्यात गोळी कधी मारायची?” १९९८ साली हा गेम आला तेव्हाही अनेकांच्या मनात हेच आलं असणार. त्या पाच मिनिटांत काय ठेवलंय आणि ते तिथे कसं आलं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

फर्स्ट पर्सन शूटर म्हणजे खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसणारा बंदुकीचा गेम. तो घराघरांत नेला टेक्सासच्या आयडी सॉफ्टवेअरने. १९९२ मध्ये त्यांनी ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ काढला आणि १० डिसेंबर १९९३ ला ‘डूम’. पहिला भाग फुकट वाटायचा, आवडला तर पुढचे पैसे देऊन घ्यायचे, ही त्यांची विक्रीची रीत. डूम घडतो मंगळाच्या चंद्रावरच्या तळावर, पण तो तळ नावापुरताच. तिथे कोण काम करत होतं, जेवत कुठे होतं, याचा पत्ता नाही. किल्ली शोधा, दार उघडा, समोर येईल त्याला मारा. वेग मात्र असा की आजही हात थरथरतो. १९९६ च्या ‘क्वेक’ने खरी त्रिमिती आणली, पण जागा तशाच पोकळ राहिल्या. १९९४ च्या ‘सिस्टिम शॉक’मध्ये मेलेल्या माणसांनी मागे ठेवलेल्या आवाजी नोंदी ऐकत अवकाशस्थानकाची हकिगत कळत जायची. कल्पना मोठी होती, चालवायला गेम फार किचकट.

मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ मध्ये व्हॉल्व्ह ही कंपनी काढली. क्वेकचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा आतला सांगाडा, परवान्याने घेतलं आणि त्यात भरपूर फेरफार केले. गेम १९९७ च्या शेवटी यायचा होता. जवळ आल्यावर त्यांना दिसलं की तुकडे बरे आहेत, गेम बरा नाही. त्यांनी बरंच काही मोडलं आणि पुन्हा बांधायला घेतलं. अख्खं वर्ष त्यात गेलं. वेगवेगळ्या कामांची माणसं आठवड्यातले चार दिवस एकत्र बसून एकेक प्रसंग जुळवत. कथेसाठी मार्क लेडलॉ हा विज्ञानकथा लिहिणारा लेखक सोबत होता. याच काळात त्यांनी एक गोष्ट ठरवली, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते: घटना घड्याळाप्रमाणे घडवायच्या नाहीत, खेळणारा जितका पुढे सरकेल तितक्या घडवायच्या. त्याला थांबून भिंत न्याहाळायची असेल तर न्याहाळू दे.

सोलापुरात हा गेम आला तो मागच्या दाराने. २००१-०२ च्या सुमारास आमच्याकडच्या सायबर कॅफेत सगळी पोरं लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या मशीनवर, ‘काउंटर’ खेळायची. काउंटर-स्ट्राइक मुळात मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी हाफ-लाइफवर केलेला मॉड, म्हणजे मूळ गेम बदलून केलेला नवा गेम, १९९९ चा. त्यामुळे जिथे काउंटर तिथे मशीनमध्ये हाफ-लाइफ असायचाच. ग्राफिक्स कार्ड नसलं तरी तो चालायचा, म्हणून कॅफेच्या जुनाट मशीनवरही निभायचा. एका दुपारी लॅनला गडी कमी पडले आणि मी तो दुसरा आयकॉन दाबला.

ट्रॉली सुरू होते. भोंग्यावर बाईचा आवाज सांगतो : सकाळचे ८ वाजून ४७ मिनिटं झालीत, वर जमिनीवर तापमान ९३ अंश, दिवसभरात १०५ पर्यंत जाईल. हे फॅरनहाइटमध्ये, म्हणजे आपले ३४ आणि ४१. आत मात्र कायम ६८, म्हणजे २० अंश. बाहेर सोलापूरचा एप्रिल, कॅफेतला पंखा गरम हवा फिरवतोय आणि हे ऐकतोय. अंगावर काटा आला होता, खरंच. खिडकीतून दिसतं की एक सुरक्षारक्षक बंद दारावर थापा मारतोय, खाली हिरवं घातक सांडपाणी वाहतंय, यंत्रं ओझी वाहतायत. आपण गॉर्डन फ्रीमन, २७ वर्षांचे भौतिकशास्त्रज्ञ, आणि कामावर उशिरा पोचलोय. न्यू मेक्सिकोतल्या या प्रयोगशाळेचं नाव ब्लॅक मेसा.

शेजारी बसलेला मित्र पद्मशाली घरातला, पूर्व भागातला. घरी तेलुगू, आमच्यात मराठी. वडील यंत्रमागावर, त्याआधी आजोबा गिरणीत. तो बघत बघत म्हणाला, “हे तर पाळीला चाललंय.” इतकं नेमकं मी नंतर कुठे वाचलं नाही. लॉकर, पाळीची नोंद, हुज्जत घालणारे साहेब लोक, गेटवरचा ओळखीचा रखवालदार, मायक्रोवेव्हमध्ये कुणाचं तरी जेवण (ते आपण उडवूनही देऊ शकतो, मग मालक कळवळतो). कामाची जागा आधी अंगवळणी पडते. मगच प्रयोग फसतो, दुसऱ्या जगाचं दार उघडतं आणि डोक्याला चिकटणारे प्राणी येतात. आपण मघाशी ज्या बोळातून आलो तोच बोळ आता पेटलेला असतो. परतताना पाय जड होतात ते याचमुळे. ज्या गावाने गिरण्यांचे भोंगे बंद पडताना पाहिले, त्या गावातल्या पोरांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि कुठेही सिनेमा सुरू होत नाही. कॅमेरा शेवटपर्यंत फ्रीमनच्या डोळ्यांतून हलत नाही. गोष्ट घडते ती आपल्यासमोर, किंवा आपण पाठ फिरवली तर पाठीमागे.

सैनिकांबद्दल सांगायलाच हवं. पुरावे नष्ट करायला सरकार सैन्य पाठवतं आणि शास्त्रज्ञांनाही गोळ्या घालतं. हे सैनिक आडोसा घेतात, वायरलेसवर बोलतात, हातबॉम्ब टाकून आपल्याला कोपऱ्यातून हुसकावतात. त्या काळात शत्रू सरळ अंगावर धावून यायचे, त्यामुळे आम्ही थक्क झालो होतो. त्यामागची युक्ती साधी आहे. टोळीतल्या दोघांनाच एका वेळी गोळीबाराची मुभा, बाकीच्यांनी जागा बदलायची. बाहेरून ते डावपेच वाटतात. थोड्या नियमांतून एवढी हुशारी उभी करणं हे कसबी कारागिराचं काम आहे.

जतन करण्याची सोय हीसुद्धा मोठी गोष्ट होती. एफ-६ दाबलं की आहे तिथे जतन, एफ-७ दाबलं की परत. भारनियमनाच्या दिवसांत याची किंमत कळायची. ‘प्रोजेक्ट आयजीआय’ या दुसऱ्या शूटरमध्ये मोहिमेच्या मधे जतनच नाही, लाइट गेली की पहिल्यापासून. हाफ-लाइफमध्ये दर वळणावर बोट एफ-६ वर. फक्त त्याच मशीनवर दुसऱ्याने एफ-६ दाबलं की आपलं पुसलं जायचं, म्हणून आम्ही कोपऱ्यातलं चार नंबर धरून ठेवायचो.

आता उणिवा. पहिली आणि सगळ्यांत मोठी झेन. शेवटचे अध्याय त्या दुसऱ्या जगात घडतात. हवेत तरंगणारी बेटं, कमी गुरुत्वाकर्षण, लांब उड्या, चुकलं की खाली. उड्या मारताना स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि गेमचा सगळा भर उड्यांवर. पण मला खुपतं ते वेगळंच. झेनमध्ये कुणी कामाला जात नाही. आपल्यासारखाच पोशाख घातलेल्या शास्त्रज्ञांची काही प्रेतं पडलेली दिसतात, बाकी दगड आणि डबकी. ज्या जागेच्या जोरावर गेम उभा होता ती जागाच निसटते आणि मागे डूमसारखा पोकळ तळ उरतो. शेवटचा राक्षस निहिलांथ म्हणजे एक भलंमोठं तरंगणारं डोकं. त्याला मारल्यावर समाधान झालं नाही, सुटका झाली.

बाकीच्या लहान आहेत. शिडीवरून पाय घसरून फुकट मरण येतं. रुळांवरचा अध्याय रेंगाळतो. शास्त्रज्ञांचे चारच चेहरे फिरून फिरून येतात, आणि एवढ्या मोठ्या संस्थेत एकही स्त्री शास्त्रज्ञ भेटत नाही. तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं. भाचीने बाजूला बसून विचारलं तेव्हा आलं.

‘हाफ-लाइफ २’ नोव्हेंबर २००४ मध्ये आला. वस्तू उचलून भिरकावणारी गुरुत्वबंदूक आणि खऱ्यासारखं पडणारं, तरंगणारं सामान ही त्याची ताकद. होडी आणि गाडीचे लांबलेले टप्पे ही उणीव. विकत घेतलेली सीडीसुद्धा इंटरनेटवर स्टीम या व्हॉल्व्हच्याच सेवेतून नोंदवल्याशिवाय सुरू होत नसे, आणि डायल-अपवर जगणाऱ्या गावांना ते जड गेलं. त्याची गोष्ट पुढे नेणारा २००७ चा दुसरा उपभाग ऐन प्रसंगात तुटला. पुढचा गेम, ‘ॲलिक्स’, २०२० मध्ये आला, तोही डोळ्यांवर यंत्र चढवून खेळायचा.

त्याच वर्षी चाहत्यांच्या एका गटाने मूळ गेम नव्याने बांधून पुरा केला. त्याचं नाव ‘ब्लॅक मेसा’. २०१२ मध्ये त्यांनी तो फुकट दिला होता, झेनच्या उंबरठ्यावर थांबवून. झेन करायला आणखी आठ वर्षं लागली. त्यांनी तिथे काय केलं पाहा : सुरुवातीलाच माणसांनी उभारलेल्या प्रयोगशाळा ठेवल्या, यंत्रं ठेवली, मेज ठेवली. दुसऱ्या जगातही आधी कुणीतरी पाळीला येऊन गेलं होतं. पुढे त्यांचंही लांबलंच, पण दुखणं कुठे होतं ते त्यांनी बरोबर ओळखलं.

भाच्याकडे आहे तो मूळचाच. २०२३ च्या नोव्हेंबरात पंचवीस वर्षं झाली म्हणून व्हॉल्व्हने काही दिवस फुकट दिला होता, तेव्हा घेऊन ठेवलेला. परवा तो रॉकेटच्या भट्टीपाशी पोचला. तिथे तीन राक्षसी सोंडा आहेत. त्यांना डोळे नाहीत, आवाजावर मारतात. वाकून हळू जायचं, किंवा लांब हातबॉम्ब टाकून त्यांना तिकडे गुंतवायचं. बहिणीने स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारली, तर त्याने वळून ओठांवर बोट ठेवलं.