इंग्रजी वाक्यातील अवस्थांतर आणि जाणीव

अवस्थांतर म्हणजे एखादी वस्तू किंवा व्यक्ती एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाणे. जाणीव म्हणजे आजवर न कळलेले कळणे. व्याकरणाच्या दृष्टीने जाणीव हे अवस्थांतराचेच एक रूप आहे, कारण कळण्यात माणसाच्या मनाची स्थिती पालटते. मराठीत यातले बरेचसे काम 'होणे', 'येणे', 'लागणे' आणि 'जाणे' या चार क्रियापदांवर भागते. इंग्रजीत ते डझनभर क्रियापदांत वाटले गेले आहे, आणि कुठे कोणते चालेल याचे नियम बव्हंशी वापराने ठरलेले आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत अहिराणी, लेवा गणबोली, भिली किंवा पावरी घरात, मराठी शाळेत आणि इंग्रजी त्यानंतर, असा अनेकांचा भाषाप्रवास असतो. प्रस्तुत नोंद त्या बाजूने लिहिली आहे.

मुळातला फरक असा: मराठी आणि अहिराणी उंबरठा ओलांडल्याचा क्षण सांगतात, इंग्रजी पुष्कळदा ओलांडल्यानंतरची स्थिती सांगते. 'मला भूक लागली', अहिराणीत 'माले भूक लागनी', हे रूप भूतकाळाचे असले तरी भूक आत्ता आहे. इंग्रजीत त्यासाठी वर्तमानकाळ लागतो: 'आय अ‍ॅम हंग्री'. 'थकलो' म्हणजे 'आय अ‍ॅम टायर्ड', 'बाळ झोपलंय' म्हणजे 'द बेबी इज अस्लीप', आणि शिकवता शिकवता विचारलेले 'समजलं?' म्हणजे 'डू यू अंडरस्टँड?'. मराठी रूप पाहून भूतकाळ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे. तो आपल्या भाषेच्या काटेकोर तर्काने चाललेला असतो. फक्त तो तर्क इंग्रजीचा नसतो.

इंग्रजीत क्षणच सांगायचा असेल तर क्रियापद बदलावे लागते. 'बी' स्थितीसाठी, 'गेट' प्रवेशासाठी, ही सर्वांत उपयोगी जोडी. 'आय अ‍ॅम यूज्ड टू द हीट' म्हणजे उन्हाची सवय आहे. 'आय गॉट यूज्ड टू द हीट' म्हणजे सवय झाली. 'नो' म्हणजे माहीत असणे, 'फाइंड आउट' म्हणजे माहीत होणे. झोप लागली त्या क्षणासाठी 'फेल अस्लीप', जाग आली त्यासाठी 'वोक अप', शुद्धीवर आला त्यासाठी 'केम राउंड'.

क्रियांची ही वर्गवारी तत्त्वज्ञ झेनो व्हेंडलर यांनी १९५७ साली एका निबंधात मांडली. स्थिती, चालू क्रिया, शेवट असलेली क्रिया आणि क्षणात घडणारी प्राप्ती असे चार वर्ग त्यांनी केले. ओळखणे, सापडणे, उमगणे, मरणे ही प्राप्तीची उदाहरणे. कसोटी सोपी आहे आणि ती मराठीतही चालते. 'कपडे तासभर वाळत होते' आणि 'कपडे तासाभरात वाळले' यांतला फरक इंग्रजी 'फॉर अ‍ॅन आवर' आणि 'इन अ‍ॅन आवर' यांनी दाखवते. प्राप्तीच्या क्रियापदाला चालू रूप लावले की शेवट अजून आलेला नाही असा अर्थ निघतो: 'ही इज डाइंग' म्हणजे तो मृत्यूच्या वाटेवर आहे, मेलेला नाही.

'होणे'च्या अर्थाने प्राचीन इंग्रजीत 'वेओर्थान' हे क्रियापद होते. जर्मन 'वेर्डेन' त्याचेच भावंड. मध्ययुगात ते वापरातून गेले आणि ती जागा इतरांनी, मुख्यतः गतीच्या क्रियापदांनी, भरून काढली. 'बिकम'चा जुना अर्थच मुळी येणे, येऊन पोचणे असा होता. 'गो', 'कम', 'टर्न', 'फॉल', 'रन' ही तर उघड चालण्या-वळण्याची क्रियापदे आहेत. आपल्याला यात परके वाटू नये. अहिराणीत 'आंबा पिकी गया' म्हणताना आंबा कुठेच जात नसतो.

यांतली निवड मात्र जपून करावी लागते. 'बिकम' लेखी आणि गंभीर, 'गेट' बोलीतले. नामापूर्वी 'बिकम' लागते: 'शी बिकेम अ डॉक्टर' बरोबर, तिथे 'गॉट' लावले तर डॉक्टर मिळवला असा अर्थ होतो. 'ग्रो' सावकाश बदलासाठी, 'ग्रो ओल्ड'. 'टर्न' रंगासाठी आणि उलटापालटीसाठी: रावेर-यावलच्या हिरव्या केळीला पिवळेपणा आला तर 'द बनानाज टर्न्ड यलो'. 'रन ड्राय' ज्यातून प्रवाह यावा त्यासाठी, म्हणून विहीर आटली तर 'द वेल रॅन ड्राय'. विहीर अजून कोरडीच असेल तर 'हॅज रन ड्राय' म्हणावे. पण 'एप्रिलमध्ये' असा गेलेला काळ सांगितला की 'हॅज' गळते.

'गो' आणि 'कम' यांबद्दल भाषावैज्ञानिक इव्ह क्लार्क यांनी १९७४ मध्ये केलेले निरीक्षण फार उपयोगी आहे: सामान्य स्थितीपासून दूर जाणे 'गो'ने, सामान्य किंवा इष्ट स्थितीकडे येणे 'कम'ने. दूध नासले तर 'गो सावर', डोक्यावरचे केस गेले तर 'गो बॉल्ड', दृष्टी गेली तर 'गो ब्लाइंड'; उलट स्वप्न खरे झाले तर 'कम ट्रू'. एक खड्डा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. 'गो हंग्री' म्हणजे भूक लागणे नव्हे, उपाशी राहणे.

विशेषणापासून थेट क्रियापदही होते. 'रेड' पासून 'रेडन', 'डार्क' पासून 'डार्कन', 'वाइड' पासून 'वाइडन'. हा प्रत्यय ध्वनी पाहून लागतो. शब्दाच्या शेवटी स्वर किंवा न, म, ल, र यांसारखा ध्वनी असेल तर तो चिकटत नाही. म्हणून 'ब्लॅकन' आहे पण 'ग्रीनन' नाही, आणि 'ड्राय', 'थिन', 'कूल' हे शब्द जसेच्या तसे क्रियापद होतात. इतका नेटका नियम पाठ्यपुस्तकात सहसा का सापडत नाही, याचे वाईट वाटते.

आपोआप घडले की कोणी घडवले, हे मराठी क्रियापदाच्या अंगावरच दिसते: तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, पिकणे-पिकवणे. नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळते आणि माणसे ती वाळवतात. इंग्रजीत दोन्हीकडे 'ड्राय': 'द चिलीज ड्राइड', 'वी ड्राइड द चिलीज'. 'ब्रेक', 'ओपन', 'रायपन' यांचेही तसेच. 'राइज-रेझ', 'फॉल-फेल', 'लाय-ले' अशा मोजक्या जोड्यांत मात्र जुना भेद टिकला आहे. शिवाय एकच 'फुटणे' इंग्रजीत पांगते: माठ फुटला तर 'ब्रोक', कपाशीचे बोंड फुटले तर 'बर्स्ट ओपन', पालवी फुटली तर 'स्प्राउटेड'.

जाणिवेकडे वळताना कर्त्याची जागा पाहावी. मराठीत कळणे माणसाकडे येते: मला कळलं, माझ्या लक्षात आलं, अहिराणीत 'माले समजनं', 'ध्यानमा उनं'. माणूस इथे कर्ता नाही, ज्याच्यापाशी जाणीव पोचते तो आहे. 'आय रिअलाइज्ड' मध्ये इंग्रजी त्याला कर्ता करते. या शब्दाचा आधीचा अर्थ प्रत्यक्षात आणणे असा, आणि तो 'रिअलाइझ अ ड्रीम' मध्ये अजून जिवंत आहे. मनापुढे खरे उभे राहणे हा अर्थ नंतर आला. 'साक्षात्कार' या शब्दाची घडणही अशीच आहे. आपल्या वाक्यरचनेला जवळची इंग्रजी रूपेही आहेत. 'इट डॉन्ड ऑन मी' मध्ये गोष्ट उजाडते, 'इट स्ट्रक मी' मध्ये ती येऊन आदळते, 'इट ऑकर्ड टू मी' म्हणजे मला सुचले. ही रूपे शाळेत लवकर शिकवावीत, कारण ती आपल्या जिभेवर सहज बसतात.

'कळलं' साठी आपल्याकडे सर्रास 'केम टू नो' लिहिले जाते. भारतीय इंग्रजीत ते रुळले आहे. ब्रिटिश किंवा अमेरिकी वाचकाला मात्र त्यात हळूहळू परिचय होण्याचा सूर ऐकू येतो. बातमी कळली असेल तर 'हर्ड', शोधून कळले असेल तर 'फाउंड आउट' नेमके ठरते. 'कळून चुकलं' ची परतीची वाट नसलेली छटा मात्र एका इंग्रजी शब्दात मावत नाही. 'इट हिट मी' तिच्या जवळ जाते.

कधी वस्तू बदलत नाही, फक्त आपली माहिती बदलते. कलिंगड कापले आणि गोड निघाले: ते आधीपासूनच गोड होते. मराठी इथे 'निघणे' वापरते, इंग्रजी 'टर्न आउट'. 'टर्न्ड आउट स्वीट' आणि 'टर्न्ड स्वीट' यांत एका छोट्या शब्दाने अर्थ फिरतो. पहिल्यात आपण शहाणे झालो, दुसऱ्यात फळ पालटले. 'अरे, तू इथेच आहेस होय!' या वाक्यातल्या 'होय'ला इंग्रजीत तसा प्रतिशब्द नाही. तिथे 'थॉट' वर जोर देऊन जुना समज मागे टाकला जातो: 'आय थॉट यू वेअर इन धुळे', म्हणजे मला वाटलं तू धुळ्याला असशील, आणि तू तर समोर उभा आहेस.