मानदुखी, खांद्यावरचे वळ आणि विम्याचा क्लेम

स्तनात हाड नसतं आणि वजन पेलणारा स्नायूही नसतो. दूधग्रंथी, चरबी, त्यांना धरून ठेवणारे तंतूंचे पातळ बंध आणि वर त्वचा, एवढंच. स्तन फार मोठे असले तर त्यांचा भार ब्रेसियरच्या पट्ट्यांवरून खांद्यांवर येतो. शरीराचा तोल पुढे जातो आणि तो सावरताना मानेचे, पाठीच्या वरच्या भागाचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. खांद्यांवर खोल वळ पडतात, कधी हाताला मुंग्या येतात, स्तनाखालच्या घडीत घाम साचून बुरशी धरते आणि कातडी सोलवटते. सिंहगड रोडच्या रहदारीतून रोज दुचाकीवर ये-जा करणाऱ्या मुलीची तर पाठ घरी पोचेपर्यंत भरून येते.

अशा वेळी स्तनांचा आकार कमी करणारी शस्त्रक्रिया हा उपचार आहे. पण आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या प्रमाणित कलमानुसार, दिसणं बदलण्यासाठी केलेली कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी आरोग्य विम्यात बसत नाही. बहुतेक जणी इथेच वाचायचं थांबतात. कलम पुढेही वाचावं. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना याला अपवाद आहे; तसाच आरोग्याचा थेट आणि तातडीचा धोका दूर करणारा आवश्यक उपचारही. ती गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करावी लागते. मानदुखीत तातडीचं काय, असं कंपनी विचारू शकते, आणि बरेचसे क्लेम तिथेच अडतात.

अमेरिकेत विमा कंपन्या क्लेम मान्य करताना स्तनातून किती ग्रॅम ऊती काढणार, हे मोजतात. 1991 मध्ये श्नूर या सर्जनने शरीराचं क्षेत्रफळ आणि काढलेल्या ऊतींचं वजन यांचा तक्ता मांडला. 160 सेंमी उंच, 65 किलो वजनाच्या स्त्रीसाठी काढायच्या ऊतींचा किमान आकडा प्रत्येक बाजूला सुमारे 370 ग्रॅम येतो. पण 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच अभ्यासात दिसलं, की आराम किती पडतो हे काढलेल्या वजनावर अवलंबून नसतं. आणि खास ब्रेसियर किंवा फिजिओथेरपीने कायमचा आराम पडत नाही. त्रास मोजायचा सोडून मांस तोलणं मला अन्यायाचं वाटतं.

आपल्याकडे खरा आधार कागदांचा. ऑपरेशन ठरण्याच्या कितीतरी आधीपासून ऑर्थोपेडिक, त्वचारोगतज्ज्ञ, फिजिओ यांच्या तारखांसह नोंदी ठेवा. वळ आणि जखमा ओपीडीच्या केसपेपरवर लिहून घ्या. सर्जनच्या पत्रात नुसतं ‘पाठदुखी’ नको. वारंवार होणारा संसर्ग, हाताच्या मुंग्या, कोणते उपचार किती काळ करूनही उपयोग झाला नाही, हे सगळं हवं. कॅशलेसची पूर्वपरवानगी दाखल होण्याआधीच मागा.

एवढं करूनही नकार येऊ शकतो. मग तो लेखी घ्या आणि आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे तक्रार करता येते. पुण्याचं हे कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. तिथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही.