राजदूत आणि उच्चायुक्त: फरक हुद्द्याचा नाही

माइक रॅन २००२ ते २०११ या काळात दक्षिण ऑस्ट्रेलियाचे प्रीमियर, म्हणजे तिथल्या राज्याचे मुख्यमंत्री होते. पद सोडल्यावर त्यांना लंडनला पाठवलं ते उच्चायुक्त म्हणून आणि २०१४ मध्ये रोमला पाठवलं ते राजदूत म्हणून. मग ही बढती झाली की उलट? दोन्ही नाही. काम तेच, मान तोच. राष्ट्रकुलातल्या, म्हणजे मुख्यतः पूर्वीच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांच्या संघटनेतल्या, एका देशानं दुसऱ्या राष्ट्रकुल देशात नेमलेला प्रतिनिधी उच्चायुक्त, बाकीच्या देशांत राजदूत. ब्रिटन राष्ट्रकुलात आहे, इटली नाही.

खरा फरक अधिकारपत्रात, म्हणजे नेमणुकीचा दाखला म्हणून सोबत नेलेल्या पत्रात, आहे आणि तो मला फार रंजक वाटतो. राजदूत नेतो ते पत्र एका राष्ट्रप्रमुखाचं दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाला असतं. पण रॅन लंडनला गेले तेव्हा ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनची राष्ट्रप्रमुख एकच होती, राणी एलिझाबेथ. राणीनं स्वतःलाच पत्र कसं द्यायचं? म्हणून अशा देशांमध्ये एका पंतप्रधानाचं पत्र दुसऱ्या पंतप्रधानाकडे जातं. आपण प्रजासत्ताक. त्यामुळे भारताचा लंडनमधला उच्चायुक्त राष्ट्रपतींचं पत्र घेऊन थेट राजवाड्यात जातो. पदनाम उच्चायुक्ताचं, रीत मात्र राजदूताची.

नेहरूंच्या भगिनी विजयालक्ष्मी पंडित तर एकाच वेळी दोन्ही होत्या. मॉस्को आणि वॉशिंग्टनला राजदूत राहिल्यावर १९५४ मध्ये त्या लंडनला उच्चायुक्त झाल्या आणि तिथूनच आयर्लंडचं राजदूतपदही सांभाळलं, कारण आयर्लंड १९४९ मध्येच राष्ट्रकुलातून बाहेर पडला होता. पुढे १९६२ मध्ये त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या.

देश आत-बाहेर झाला की पाटी बदलते. पाकिस्ताननं १९७२ मध्ये राष्ट्रकुल सोडलं, म्हणून १९८० च्या सुमारास भारताचे मुत्सद्दी नटवर सिंह इस्लामाबादला गेले ते राजदूत म्हणून. १९८९ मध्ये पाकिस्तान परत आला आणि तिथे पुन्हा भारताचे उच्चायुक्त बसू लागले.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ब्रिटनचं कार्यालय आहे ‘उप उच्चायोग’, तर अमेरिकेचं ‘वाणिज्य दूतावास’. दोन्हींचा प्रमुख दिल्लीतल्या आपापल्या मुख्य कार्यालयाच्या हाताखाली काम करतो. ‘उप’ शब्द बघून ब्रिटिशांचं कार्यालय अमेरिकेच्या कार्यालयापेक्षा दुय्यम समजू नका.