हौशी मशीनिंगचे व्हिडिओ चॅनेल

लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापणारे यंत्र), मिलिंग मशीन (फिरत्या कटरने कापणारे यंत्र) किंवा स्वतः बांधलेले सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारे यंत्र वापरून, पोटासाठी नव्हे तर आवडीपोटी धातुकाम करणाऱ्यांनी चालवलेले व्हिडिओ चॅनेल. त्यांतले नावाजलेले चॅनेल इंग्रजीत आहेत. नागपूरचा प्रेक्षक ते रात्री पाहतो आणि रविवारी इथल्या बाजारातला माल घेऊन, इथल्या हवेत करून बघतो. नोंदीचा रोख या दुसऱ्या भागावर जास्त आहे.

टर्नरचे, म्हणजे लेथ चालवणाऱ्याचे, काम नुसत्या पुस्तकातून येत नाही. आयटीआय असो की हिंगणा एमआयडीसीतले जॉबवर्कचे शेड, शिकणारा उस्तादाशेजारी उभा राहूनच तयार होत आला. लेथ किंचाळायला लागला की उस्ताद काही न बोलता टूल धरणाऱ्या खांबाबाहेर (टूल पोस्ट) जास्त आलेले टूल आत सारतो, फेरे कमी करतो आणि आवाज बसतो. या किंचाळण्याला चॅटर म्हणतात. पुस्तकात त्याचे कारण मिळते, आवाज मिळत नाही. कॅमेरा टूलच्या टोकापाशी नेऊन माइक चालू ठेवला, ही या चॅनेलवाल्यांची मोठी कामगिरी होय. कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या टूलखालून पोलादाचा कीस निळा पडून सुटताना दिसला, म्हणजे बरीचशी उष्णता जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, न मुरता किसाबरोबर बाहेर पडते आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की विसरत नाही.

‘मिस्टरपीट२२२’ हा एका निवृत्त कार्यशाळा-शिक्षकाचा चॅनेल, ‘ब्लाँडीहॅक्स’वर नवख्यांसाठी लेथची पायाभूत मालिका आहे, तर ‘धिस ओल्ड टोनी’त प्रामुख्याने काम करणारे हात दिसतात. सर्वांत लांब मजल ‘क्लिकस्प्रिंग’ या ऑस्ट्रेलियन चॅनेलने मारली. १९०१ मध्ये ग्रीसजवळच्या समुद्रातून निघालेले अँटिकिथेरा हे प्राचीन ग्रीक खगोलयंत्र पुन्हा घडवताना, त्याच्या पंचांगाच्या कड्याला ३६५ नव्हे तर ३५४ छिद्रे, म्हणजे चांद्र वर्षाचे दिवस असावेत, असा निष्कर्ष चॅनेलकर्त्याने सहकाऱ्यांसह २०२० मध्ये मांडला. २०२४ मध्ये ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांचे गणितही ३५४ किंवा ३५५ वरच आले. छंदाच्या ओट्यावरून निघालेला प्रश्न विद्यापीठापर्यंत गेला, याचे मोल फार मोठे आहे.

संख्यांनी चालणारे मिलिंग यंत्र एमआयटीने १९५२ मध्ये दाखवले. ते घरात यायला पावलापावलाने फिरणारी स्वस्त स्टेपर मोटर आणि आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चालणारे ग्रबल हे मोफत सॉफ्टवेअर (२००९) कारण ठरले. घरच्या यंत्राचा हिशोब सोपा आहे. मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते, मोटर चालवणारा ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे ८ भाग करतो, म्हणजे १६००. टेबल सरकवणारा बॉलस्क्रू फेऱ्याला ५ मिमी सरकवत असेल तर मिलिमीटरला ३२० पावले. एक्स अक्षासाठी हाच आकडा ग्रबलच्या $१०० या सेटिंगमध्ये भरायचा. डायल गेज, म्हणजे सरकणे मोजणारे काटेरी घड्याळ, लावून तपासताना मात्र नेहमी एकाच दिशेने यावे. उलट फिरताना स्क्रू आणि नटमधली ढील, म्हणजे बॅकलॅश, मापात शिरते आणि माणूस चांगला आकडा बिघडवून बसतो. मूळ ग्रबलमध्ये बॅकलॅश भरून काढायची सोय नाही, लिनक्ससीएनसी या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहे.

नागपुरात अडचण येते ती उन्हाळ्याची. मापांचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत पारा ४२ वर असेल तर ३०० मिमी लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब सुमारे ०.१५ मिमी वाढलेला असतो आणि तेवढ्याच लांबीचा पोलादी स्क्रू ०.०८ मिमी. म्हणजे त्या दुपारी स्क्रूच्या मापाने बरोबर कापलेला जॉब थंड झाल्यावर या दोहोंतल्या फरकाइतका, ०.०७ मिमी, आखूड भरतो. थंड देशांतल्या व्हिडिओंत ही गोष्ट क्वचितच निघते. शेवटचा कट पहाटे घ्यावा, आणि कापून गरम झालेला जॉब निवल्याशिवाय मायक्रोमीटर लावू नये.

माल घेतानाही शब्द बदलावे लागतात. अमेरिकन चॅनेलवर १२एल१४ पोलाद लोण्यासारखे कापले जाते. तेच नाव घेऊन इतवारीत लोहाओळीत विचारत फिरण्यापेक्षा त्याच जातीचे ईएन१ए लेडेड (शिसे मिसळलेले) मागावे. साधा एमएस (माइल्ड स्टील) बार घेतला तर पृष्ठभाग फाटल्यासारखा येतो आणि नवखा आपल्या हाताला दोष देतो. दोष बहुधा मालाचा असतो. जाडी सुतात सांगितली तर आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत ३.१७५ मिमी, हे ध्यानात ठेवावे.

जॉब पकडणाऱ्या चकची चाबी चकमध्ये सोडून मशीन सुरू करू नये आणि लेथवर हातमोजे घालू नयेत, हे नियम सगळीकडे सारखेच. कूलरची गोष्ट मात्र इथली. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी दमट हवा थेट लेथवर आली तर घासून चकचकीत झालेल्या बेडवर, म्हणजे लेथच्या रुळांवर, तांबूस गंज धरतो. कूलरचे तोंड दुसरीकडे वळवावे, काम संपल्यावर कीस झाडून बेडवर तेलाचा हात फिरवावा आणि वर तेलात भिजवून पिळलेले सुती कापड टाकावे.