मन खंबीर ठेवलं की कॅन्सर हरतो?
पेशंटला भेटायला जाताना लोक हमखास कव्हरवर ‘मात’ नाहीतर ‘विजय’ छापलेलं, कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या कुणाचं तरी पुस्तक नेतात आणि वर सांगतात, पॉझिटिव्ह राहा, अर्धा आजार मनाचाच असतो. तसं नाहीये हो. अमेरिकेत जेम्स कॉइन वगैरे संशोधकांनी डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ पेशंटचा डेटा तपासला, २००७ मध्ये छापून आलं, मनःस्थिती चांगली होती ते जास्त जगले असं काही दिसलं नाही. स्टेज काय, गाठ कुठल्या प्रकारची, ट्रीटमेंट वेळेत मिळाली का, खरा फरक त्याने पडतो. शिवाय पुस्तक लिहिणारा आजारातून वाचलेलाच असतो, गेलेला कुठून लिहिणार! धीर मिळतो हे मान्य, केमोला तासन् तास सलाईन लावून बसायचं म्हणजे तो लागतोच, वाचा खुशाल. पण स्कॅनचा रिपोर्ट वाईट आला की ‘मीच कमी पडले’ म्हणत एखादी पेशंट बाई उशीखालचं पुस्तक उलटं करून ठेवते ना, ते बघवत नाही.